गाडीतल्या घराची वीज: दुसरी बॅटरी घेण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुमच्याकडे आतून घर करून घेतलेली ट्रॅव्हलर आहे. सीटखाली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती लेड-अ‍ॅसिडची, मागच्या दाराशी घरगुती ११०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, टपावर ३३० वॅटचं एक सोलर पॅनेल आणि ओट्याखाली ५० लिटरचा घरगुती छोटा फ्रिज. एरवी तुम्ही दोघं, सुट्टीत मुलगी आणि नातूही. पहाटे तीन-साडेतीनला इन्व्हर्टर ओरडायला लागतो, पंखे बंद पडतात, सकाळी दूध नासलेलं असतं. म्हणून तशीच दुसरी बॅटरी आणि ३ केव्हीएचा इन्व्हर्टर बसवावा, त्यावर इंडक्शन आणि जमलं तर एसी चालवावा, असा विचार आहे. बॉडी बनवणाऱ्यानेही हेच सुचवलंय आणि दीड लाख बाजूला काढले आहेत.

माझं मत स्पष्ट सांगतो: आत्ता दुसरी बॅटरी घेऊ नका. मी भोसरीत गाड्यांच्या आतलं वायरिंग करतो. सुरुवात रुग्णवाहिका आणि व्हॅनिटी व्हॅनपासून झाली, आता बरंचसं काम कॅम्परचंच असतं. जवळजवळ प्रत्येक जण येतो तो "बॅटरी पुरत नाही" हेच वाक्य घेऊन. गाडी तपासली की बहुतेक वेळा दिसतं ते वेगळंच. बॅटरीत दिवसभरात जेवढी वीज जाते त्याच्या दुपटीहून जास्त लागत असते. टाकी मोठी बांधली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. तुमच्या गाडीत पहिला घोटाळा नळाचा आहे, दुसरा गळतीचा, आणि टाकीचा नंबर तिसरा.

हिशेब युनिटमध्ये करू, कारण घरच्या वीजबिलामुळे ते सगळ्यांना समजतं. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू तासभर चालवणं. तुमची बॅटरी १५० एएच गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १.८ युनिट. लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची असेल तर रोज अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे हातात ०.९ युनिट. तेही बॅटरी नवी असेल आणि संध्याकाळी पूर्ण भरलेली असेल तर.

आता खर्च. तुम्ही दिलेल्या यादीवरून मी मांडलेला हा अंदाज उन्हाळ्यातल्या एका दिवसाचा आहे. फ्रिज, इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून, साधारण ०.५५ युनिट. ४५ वॅटचे दोन पंखे रात्री आठ तास चालले की ०.७२. दिवे ०.०८. पाण्याचा पंप ७० वॅटचा असला तरी दिवसभरात पाव तासच चालतो, त्यामुळे तो जवळजवळ नगण्य. लॅपटॉप आणि मोबाइल मिळून ०.२. या यादीत तुम्ही एक वस्तू धरलेली नाही, आणि ती कोणीच धरत नाही: खुद्द इन्व्हर्टर. घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काही लावलं नाही, तरी १५ ते २० वॅट खातो. फ्रिज त्याच्यावर असल्यामुळे तुम्हाला तो चोवीस तास चालू ठेवावा लागतो. म्हणजे ०.४ ते ०.४५ युनिट, फ्रिज जेवढं खातो जवळपास तेवढंच, काहीही काम न करता जातं. सगळी बेरीज दोन युनिटच्या घरात.

कमाई किती? तुम्ही लिहिलंय की भर दुपारी सोलर कंट्रोलरवर ८ ते ८.५ अँपिअर दिसतात. तुमच्या प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा आकडा हाच. ३३० वॅटचं पॅनेल बहुतेक ७२ सेलचं असतं. ते चांगल्या उन्हात ३७ व्होल्टच्या आसपास आणि ९ अँपिअरच्या आसपास देतं. तुमचा कंट्रोलर पीडब्ल्यूएम प्रकारचा असणार. तो पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडतो आणि पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्ट मात्र १३. साडेआठ गुणिले तेरा, म्हणजे ११० वॅट. टपावर ३३० वॅट बसवून तुम्ही त्यातला तिसरा हिस्साच वापरताय! दिवसाला अर्धा युनिटही मिळत नसणार. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो. तेच पॅनेल, तीच जागा, तेच ऊन, आणि दुपारी १८ ते २० अँपिअर दिसू लागतील. स्वच्छ दिवशी एक युनिटच्या आसपास मिळेल. ३३० वॅटचे ३३० मिळतील अशी अपेक्षा मात्र नको. पॅनेल टपावर आडवं असतं आणि मे महिन्यात ६०-६५ अंशांपर्यंत तापतं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे नुसत्या उष्णतेने १४ ते १६ टक्के गेले. म्हणून पॅनेल टपाला चिकटवण्यापेक्षा खाली चार-पाच सेंटिमीटर फट ठेवून बसवलेलं मला आवडतं. खालून वारा खेळतो आणि टपालाही सावली मिळते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर आंब्याच्या फांदीची सावली पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. माणसाला सावली हवी आणि पॅनेलला ऊन, हा पेच प्रत्येक मुक्कामी असतो.

दुसरी कमाई गाडीच्या अल्टरनेटरची, ज्याला गॅरेजमध्ये अजून डायनामोच म्हणतात. तुमच्याकडे इंजिनाच्या बॅटरीपासून रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) लावून ६ स्क्वेअर एमएम जाडीची वायर मागे आणली आहे. सहा मीटर लांबीत, ३० अँपिअर वाहायला लागले की या वायरीतच अर्धा व्होल्ट पडतो. बॉडीला पकडलेल्या निगेटिव्हचा बोल्ट गंजलेला असेल तर आणखी. अल्टरनेटरकडे १४.२ व्होल्ट असले तरी मागच्या बॅटरीपर्यंत साडेतेरा पोचतात, आणि तेवढ्यावर अर्धी भरलेली ट्युब्युलर फार सावकाश भरते. नाशिक ते भंडारदरा एवढ्या प्रवासात तिच्यात फारसं काही जात नाही. बीएस-६ गाड्यांमध्ये आणखी एक भानगड असू शकते. काही अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःचं व्होल्टेज वरखाली करतात, तेव्हा साधा रिले मधेच सुटतो.

आता पहाटेच्या साडेतीनचा उलगडा होतो. संध्याकाळी बॅटरी भरलेली नसतेच. लेड-अ‍ॅसिडचे शेवटचे वीस टक्के भरायला अनेक तास लागतात, आणि तेवढा वेळ ना सोलर देतं, ना प्रवास. अर्धवट भरलेली बॅटरी रात्री इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टपर्यंत पिळून काढतो. घरी महिन्यातून दोनदा वीज जाते तेव्हा हे चालतं. रोज असं झालं की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि १५० ची बॅटरी वर्ष-दीड वर्षात १०० चीही राहत नाही. तिच्या जोडीला नवी १५० लावलीत तर जुनी नवीलाही मागे ओढेल. शिवाय पन्नास-पंचावन्न किलो वजन वाढेल, ते वेगळंच.

ट्युब्युलरबद्दल एक गोष्ट काळजीपोटी सांगतो. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तिच्यात पातळ आम्ल असतं. घरात ती गॅलरीत किंवा जिन्याखाली असते. तुमच्या गाडीत ती नातू झोपतो त्या सीटखाली आहे. डबा बाहेरून बंद करून त्याला गाडीच्या तळातून बाहेर जाणारी नळी नसेल, तर बाकी काहीही करण्याआधी ती सोय करा.

गळती बंद करण्यापासून सुरुवात करू. घरगुती फ्रिज काढून १२ व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. तो उन्हाळ्यात अर्धा युनिट खाईल, हिवाळ्यात बराच कमी. खरा फायदा असा की त्याच्यासाठी इन्व्हर्टर चालू ठेवावा लागणार नाही. पंखेही १२ व्होल्टचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. १५ ते २० वॅटमध्ये झोपण्यापुरता वारा मिळतो, दोन पंख्यांचा रात्रीचा खर्च ०.७२ वरून ०.३ वर येतो. लॅपटॉपसाठी १२ व्होल्टवर चालणारा टाइप-सी चार्जर मिळतो. मग इन्व्हर्टर लागेल तेव्हा चालू आणि काम झालं की बंद. या बदलांनंतर तुमचा दिवस साधारण १.१ ते १.२ युनिटमध्ये बसतो. एकही बॅटरी न वाढवता खर्च जवळजवळ निम्म्यावर आला.

मग कमाई. कंट्रोलर बदलून ३० अँपिअरचा एमपीपीटी घ्या. इनपुट १०० व्होल्टपर्यंत घेणारा असला की तुमच्या पॅनेलला पुरे, कारण मोकळं असताना ते ४५-४६ व्होल्टपर्यंत जातं. रिलेच्या जागी डीसी-टू-डीसी चार्जर. हे यंत्र अल्टरनेटरकडून मिळेल ते व्होल्टेज घेतं आणि मागच्या बॅटरीला हवं तेच देतं. त्यामुळे वायरीतली घट, बीएस-६ चं वरखाली होणं, सगळं त्याच्या पोटात जिरतं. ४० अँपिअरचा घेतलात तर तासाला अर्धा युनिट, म्हणजे दोन तासांच्या प्रवासात एक युनिट. मात्र आधी तुमच्या अल्टरनेटरवरचा आकडा वाचा. गाडीचा एसी, हेडलाइट, पंखे हे सगळं त्याच्यावरच असतं, म्हणून मी सहसा त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त मागच्या बॅटरीसाठी काढत नाही. वायर किमान १६ स्क्वेअर एमएम, शक्यतो २५, आणि निगेटिव्हसाठीही वेगळी वायर. बॉडीच्या भरवशावर राहू नये. बॅटरी भरायची म्हणून गाडी उभी करून इंजिन चालू ठेवण्याची सवय काहींना असते. आयडलिंगला अल्टरनेटर सावकाश फिरतो, त्याचा स्वतःचा पंखाही सावकाश फिरतो, आणि पूर्ण भार आला तर तो तापून जळतो.

एवढं झाल्यावरच बॅटरीकडे या. इथे मात्र मी ट्युब्युलरच्या जागी लिथियम, तीही एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, असंच सांगेन. २०० एएचची एलएफपी २.५ युनिटची असते आणि त्यातलं ८०-८५ टक्के निर्धास्त वापरता येतं, म्हणजे २.१ युनिट. वजन पंचवीस किलोच्या आसपास. ढगाळ हवेत, गाडी न हलवता, दोन रात्री निघतात. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही, आणि शेवटचे वीस टक्केही ती झपाट्याने घेते. भरायला वेळ कमी असलेल्या गाडीत हा गुण क्षमतेइतकाच महत्त्वाचा.

तीन गोष्टी बघून घ्या. पहिली रसायनाची: बाजारात ई-रिक्षा, स्कूटरच्या सेलपासून जोडलेले स्वस्त पॅक मिळतात. त्यात एनएमसी, म्हणजे दुसऱ्या रसायनाचे लिथियम सेल असतील तर घेऊ नका. त्यांचं व्होल्टेज १२ व्होल्टच्या यंत्रणेशी नीट जुळत नाही, आणि बिघाड झाला तर ते एलएफपीपेक्षा खूप लवकर पेट घेतात. ज्या गाडीत माणसं झोपतात तिथे या बाबतीत मी तडजोड करत नाही. दुसरी बीएमएसची: पॅकमधल्या संरक्षण सर्किटची सतत देण्याची क्षमता किती ते लेखी घ्या. २०० एएचच्या पॅकमध्ये १०० अँपिअरचा बीएमएस बसवून विकतात. इंडक्शन लावलं की तो क्षणात तोडतो. तिसरी चार्जिंगची: अल्टरनेटरला एलएफपी थेट रिलेने कधीही जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर भाजून निघतो. सोलर कंट्रोलर आणि इन्व्हर्टरच्या चार्जरमध्ये १४.२ ते १४.४ व्होल्टची लिथियम सेटिंग करा आणि इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद ठेवा. तुमच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय नसेल तर त्याचं चार्जिंग वापरू नका, वेगळा चार्जर लावा.

आता तुमच्या इच्छांकडे येतो. घरगुती ३ केव्हीएचे इन्व्हर्टर बहुतेक ३६ किंवा ४८ व्होल्टचे असतात, म्हणजे त्यांना तीन किंवा चार बॅटऱ्या ओळीत लागतात. दोन बॅटऱ्यांवर तो चाललाच नसता. इंडक्शन मात्र शक्य आहे. १५०० वॅटच्या इंडक्शनला १२ व्होल्टच्या बाजूने १३५ ते १४० अँपिअर लागतात. हा करंट समजून घ्या, कारण गाडीतल्या आगी इथून सुरू होतात. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये आत्ता चार मीटर अंतर आणि १६ ची वायर आहे. तीच ठेवून मोठा इन्व्हर्टर लावलात तर जाऊन-येऊन आठ मीटर वायरीत १.२ व्होल्ट पडतील आणि १६०-१७० वॅट नुसत्या वायरीत उष्णता होऊन जिरतील, तेही प्लायवूड आणि फोमच्या मागे. इन्व्हर्टर बॅटरीशेजारी आणा, अंतर मीटर-दीड मीटरच्या आत, वायर ७० ची. उरलेलं अंतर २३० व्होल्टच्या बाजूने, साध्या २.५ च्या वायरीने पार करा. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे डोळे) हायड्रॉलिक क्रिंपिंगनेच, म्हणजे यंत्राने दाबून बसवलेले हवेत, हातोडीने ठोकलेले नकोत. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो इन्व्हर्टरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली. घरातले एमसीबी डीसीच्या बाजूला वापरू नका. डीसीचा आर्क सहज विझत नाही, म्हणून तिथे डीसीसाठीच बनवलेला फ्यूज किंवा ब्रेकर लागतो.

इंडक्शनवर चहा, भात, आमटी असं दोघांचं साधं जेवण साधारण अर्ध्या युनिटमध्ये होतं. एकदा गाडी रोज दोन तास चालायला लागली की हे परवडतं. आंघोळीचं पाणी मात्र विजेवर नको: पंधरा लिटर पाणी २५ वरून ४२ अंशांवर न्यायला ०.३ युनिट, आणि चौघं असाल तर सव्वा युनिट, म्हणजे तुमचा अख्खा दिवस. याच कारणाने गॅसची शेगडी काढून टाकू नका असं मी आग्रहाने सांगतो. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट इतकी ऊर्जा असते. शेगडीत वाया जाणारी सोडून सात-आठ युनिटचं काम होतं. पाच किलोच्या सिलिंडरातून जेवढं काम होतं तेवढं टपावरच्या पॅनेलला कमवायला महिन्याहून जास्त लागेल. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवा जायला जागा ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. गॅस डिटेक्टरही जमिनीजवळच लावा.

एसीबद्दलचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. छोटा इन्व्हर्टर एसी बंद खोलीत थंडावा आल्यावर ३००-४०० वॅटवर येतो, पण पत्र्याच्या गाडीत तो तिथवर पोचायलाच वेळ लागतो. रात्रीच्या आठ तासांची सरासरी ५०० वॅट धरली तरी चार युनिट होतात. तेवढी बॅटरी एक वेळ बसवता येईल, पण दुसऱ्या दिवशी ती भरणार कुठून? फ्रिज-पंख्यांसकट पाच युनिट रोज हवेत, आणि तुमच्या टपावर व्हेंट सोडून फार तर ८००-९०० वॅटची पॅनेल मावतील, ती चांगल्या दिवशी अडीच-पावणेतीन युनिट देतील. म्हणून एसी फक्त बाहेरचं कनेक्शन असेल तिथेच, असं मी सांगतो. टपाला आतून चांगलं इन्सुलेशन, छतात हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खिडक्यांना बाहेरून पडदे, यावर आधी पैसे घाला. तारकर्लीला मे महिन्यात रात्री दमट उकाडा असतो हे मला मान्य आहे, तिथे हे पुरेसं पडत नाही. कोणाच्या तब्येतीसाठी एसी अत्यावश्यकच असेल तर ती ४८ व्होल्टची, दहा युनिटच्या घरातली वेगळी यंत्रणा होईल आणि दीड लाखात बसणार नाही.

बाहेरच्या कनेक्शनविषयी जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे गाड्यांसाठी तयार केलेले खांब क्वचितच असतात. आपण कृषी पर्यटन केंद्रात, रिसॉर्टच्या आवारात किंवा ओळखीच्यांच्या अंगणात प्लग लावतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम १३०० वॅट, १६ च्यावर साडेतीन हजार. ३० अँपिअरचा बॅटरी चार्जर ५०० वॅट घेतो, तो कुठेही चालेल. एसी आणि इंडक्शन एकत्र मात्र १६ च्याच सॉकेटवर. अलिबागजवळच्या एका मुक्कामाहून एका ग्राहकाचा फोन आला होता: गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथल्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. चार्जर आणि अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर गाडीचा पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. एवढ्याशा करंटला आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. म्हणून झिणझिण्या आल्या तर "थोडंसंच आहे" म्हणून सोडू नका, प्लग काढा. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर गाडीत ठेवा, आधी तो लावा, मग आपली केबल. गाडीच्या प्रवेशालाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि बाहेरची वीज व इन्व्हर्टर यांच्यात चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे दोन्ही एकमेकांवर कधीच येणार नाहीत. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, तेव्हा एसी लावायचा नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे, तेही सांगतो. वरचा सगळा हिशेब रोज किंवा एक दिवसाआड गाडी हलवणाऱ्याचा आहे. एका जागी चार-पाच रात्री थांबत असाल तर डीसी-टू-डीसीपेक्षा दुसऱ्या पॅनेलला आधी पैसे द्या. जुलैत कोकणात किंवा महाबळेश्वरला जाणार असाल तर उलट. सोलर निम्म्याच्याही खाली येतं आणि सगळी मदार अल्टरनेटरवर असते. ऑक्टोबरात स्पितीला जायचं तुमच्या मनात आहे, त्यासाठी वेगळी काळजी: एलएफपी शून्य अंशांखाली चार्ज करायची नसते, सेल कायमचे बिघडतात. थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस आहे का ते खरेदीच्या वेळीच विचारा आणि बॅटरी गाडीखाली न लटकवता आत बसवा. टपावर वजन किंवा उंची वाढवणार असाल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि नोंद नसलेल्या बदलांवरून दावा अडू शकतो.

तुमच्या दीड लाखाचा क्रम मी असा लावेन: ट्युब्युलरच्या डब्याला बाहेर जाणारी नळी आणि फ्यूज लगेच, मग १२ व्होल्टचा फ्रिज आणि पंखे, एमपीपीटी, आणि बॅटरीवर शंटचा मॉनिटर. मॉनिटर चैनीची वस्तू नाही. एलएफपीचं व्होल्टेज ४० टक्क्यांना आणि ७० टक्क्यांना जवळपास सारखंच, १३.२-१३.३ दिसतं, त्यामुळे किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली हे मोजणारं यंत्र नसेल तर तुम्ही अंदाजाने चालता. हे बसवून जुन्याच बॅटरीवर दोन-तीन सहली करा. मग डीसी-टू-डीसी, एलएफपी आणि शेवटी, इंडक्शन हवंच असेल तर, २००० वॅटचा इन्व्हर्टर.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी लागतील: अल्टरनेटरवरचा अँपिअरचा आकडा, बॅटरी कोणत्या महिन्यात घेतली, पॅनेलमागच्या लेबलवरचे व्होल्ट-अँपिअर, आणि रात्री सगळं बंद करून फक्त इन्व्हर्टर चालू असताना डीसी क्लॅम्प मीटरवर येणारा करंट. साधा क्लॅम्प मीटर एसी करंटच (घरच्या विजेचा) मोजतो, बॅटरीचा डीसी नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून डीसी मोजणारा मागून घ्या. हे आकडे इथेच टाका, मी वायरीचे साइज आणि फ्यूजचे अँपिअर लिहून देतो.